भाविकाच्या नावाची भांडी

पितळआक्काच्या खोलीत हंडे, घागरी, पराती, डबे, तांबे, गडवे धरून शेवटी बेचाळीस पितळी भांडी झाली होती, आणि पाणी प्यायला प्लास्टिकचे दोन मग. त्यातला धड मग पाहुण्याला आणि आक्काला, कान तुटलेला भाविकाला. पहिल्यांदा तिच्याकडे गेले तेव्हा मला हे काहीच माहीत नव्हतं. तहान लागली होती म्हणून मी सरळ फळीवरचा चकचकीत तांब्या उचलला. आक्कानं तो माझ्या हातातून काढून घेतला, माझ्या बोटांचे ठसे पदरानं पुसले आणि जिथल्या तिथं ठेवून दिला. "ते पोरनं शे, मॅडम," ती म्हणाली. ती पोर, सात वर्षांची भाविका, कोपऱ्यात बसून कान तुटलेल्या मगातून चहा पीत होती.

मी नाशिकहून सिल्वासाला आले होते, धाग्याच्या एका कारखान्यात, लॅबमध्ये. आमली भागात खोली घेतली होती. खोलीच्या मागच्या बाजूला कामगारांच्या खोल्यांची एक ओळ होती, त्यातली तिसरी आक्काची. ती आमच्याच कारखान्यात पॅकिंगला होती. धाग्याचे कोन, म्हणजे मोठी रिळं, पिशवीत घालायचे, खोक्यात रचायचे, खोकं पट्टीनं बांधायचं, हे आठ तास उभ्यानं. मूळची धुळे जिल्ह्यातली, शिंदखेड्याकडची, बोलणं अहिराणी. पितळआक्का हे नाव ओळीतल्या बायकांनी ठेवलेलं. तिच्या मागे सगळ्या ते वापरत, तोंडावर नुसतं आक्का म्हणत, कारण तोंडावर तिला कुणी काही म्हणत नसे.

तिची माझी गाठ पडली ती माझ्या अक्षरामुळे. माझं अक्षर चांगलं आहे, हे मी स्वतःच सांगते, कारण पुढं जे झालं त्यात त्याचा हात आहे. दर पगाराच्या आठवड्यात आक्का बाजारातल्या कंसाऱ्याच्या, म्हणजे आपल्याकडच्या कासाराच्या, दुकानातून एक भांडं घेई. कधी मोठी परात, तंगी असली तर एवढीशी वाटी, पण एक महिना चुकला नाही. त्यावर नाव टाकून घ्यायचं असे. दुकानातला माणूस गुजराती, त्याला मराठी अक्षर येत नसे. मात्र समोर कागद ठेवला तर मशीननं टिकटिक करत जसंच्या तसं उतरवायचा. तो कागद आधी ओळीतलं कुणीतरी लिहून देई, आता आक्का माझ्याकडून लिहून घेऊ लागली.

पहिल्या वेळी मी शहाणपणा करून पूर्ण नाव लिहिलं. कुमारी, मग मुलीचं, मग बापाचं, मग आडनाव. आक्कानं चिठ्ठी मला वाचायला लावली आणि परत दिली. "बापनं नाव नको. मनं बी नको. नुसतं पोरनं लिखी द्या." मी म्हटलं, "अहो, नुसतं भाविका? भाविका कुणाचीही असेल." ती म्हणाली, "कोनी बी नही. तिनीच ती." कुणाचीच नाही, स्वतःचीच. मी दुसरी चिठ्ठी लिहिली. माझा 'भ' जरा फुगीर येतो, पहिल्या गाठीला मी उगीच वळसा देते. तो तसाच्या तसा हंड्याच्या गळ्यावर उतरला. त्यानंतर ते बघण्यासाठीच मी तिच्याबरोबर दुकानात जाऊ लागले.

हे सगळं ती एका गोष्टीवरून शिकली होती. तिच्या मोठ्या बहिणीची फारकत झाली तेव्हा आक्का लग्नाची व्हायची होती. त्यांच्याकडे कोर्टाचं काय ते मागाहून, आधी पंच बसतात. घरातली भांडी अंगणात मांडतात आणि एकेकावरचं नाव वाचतात. माहेरचं नाव असेल ते बाईचं, सासरचं असेल ते नवऱ्याचं. बहिणीला एक तान्हा मुलगा होता. त्याचे वाळे, चांदीची वाटी, आजोळहून आलेला छोटा गडवा, यांतल्या कशावरच नाव नव्हतं. ते सगळं सासरच्यांनी उचललं, आणि पोर मात्र आईच्या कडेवर दिलं. आक्कानं हे उंबऱ्यात उभं राहून पाहिलं होतं. ज्यावर नाव नाही ते पोराचं राहत नाही, एवढं तिनं त्या दिवशी मनात धरलं.

आणि आपलीही फारकत होणार हे ती धरूनच चालली होती. नवरा सुनील खडोलीच्या एका कंपनीत फिटर होता. दारू नाही, मारहाण नाही, तोंडात शिवी नाही. इतका हसतमुख माणूस की त्याच्याविरुद्ध बोलायला गेलं तर आपणच खोटे वाटावे. खडोलीत त्याची दुसरी खोली होती आणि त्या खोलीत दुसरी बाई होती, हे सगळ्यांना ठाऊक होतं. आक्का म्हणे, "तो जाई. कधी जाई ते म्हाईत नही, पन जाई." आधी तिनं भाविकाच्या नावानं खातं उघडून त्यात चार वर्षं पैसे टाकले होते. एके दिवशी सुनीलनं बाप म्हणून सही केली, पैसे काढले आणि मोटारसायकल आणली. पहिली चक्कर त्यानं भाविकालाच मारून आणली. "पासबुकवर बापनी सही चालनी," आक्का मला म्हणाली. "भांडावर कोन सही करी?" मी म्हटलं, मग सोनं घ्या. त्यावर तिचं म्हणणं असं की सोनं खिशातून जातं, पण हंडा घेऊन निघालेला माणूस सगळ्या ओळीला दिसतो. भाविका अठराची झाली की सगळी भांडी मोडीत घालायची आणि तिला नर्सिंगला घालायचं, असं ठरलेलं होतं.

मला तिचं कौतुक वाटे. आणि रागही येई, फार राग येई, तो अजून गेलेला नाही. कारण त्या अठराव्या वर्षापर्यंत मधे एक मुलगी होती, आणि तिला आक्का काही म्हणजे काही देत नसे. कंपासपेटी मागितली, नवे बूट मागितले, वर्गातल्या मुलींबरोबर सहलीला जायचं म्हटलं, की आक्का मानेनं फळीकडे दाखवी आणि म्हणे, "तुनंच शे. आते नही." तुझंच आहे, आत्ता नाही. वाढदिवसालाही हेच. दर महिन्याला भाविकाला ती सगळी भांडी चिंच-मीठ लावून घासावी लागत. तिच्या बोटांना कायम आंबूस वास येई. एकदा तिनं छोट्या गडव्यात भातुकलीचा भात केला, खरे तांदूळ घेऊन, तर आक्कानं तिला कानाखाली मारली आणि मग गडव्याचा बुडका उजेडात धरून चरा गेला का ते पाहिलं. मुलीच्या गालाकडे नाही पाहिलं. मी दारातच उभी होते.

सुनील सुट्टीच्या दिवशी येई. येताना वेफर्स, लाल सरबत, केसांना लावायच्या चमकीच्या पिना. मुलीला मोटारसायकलवर पुढं बसवून दादऱ्याच्या तळ्यावर बागेत नेई आणि होडीत बसवी. परत आली की भाविका माझ्याकडे येऊन सगळं सांगे. तिची भाषा सिल्वासाची, अर्धी शाळेची, अर्धी गल्लीची. "मावशी, पप्पा बहोत मस्त आहेत ने." मी हो म्हणे. नाही तरी काय म्हणणार?

मग केसांचा प्रकार झाला. भाविकाचे केस कमरेपर्यंत होते आणि ओळीत कुणाचे तसे नव्हते. तिच्याकडे स्वतःचं म्हणावं असं तेवढंच होतं, आणि तिलाही ते माहीत होतं. ती वेणी पुढं घेऊनच बसायची. त्या महिन्यात कारखान्यात काम कमी होतं, आठ-दहा दिवस बसवून ठेवलेलं, पगार कापून आला. भांड्याचा महिना चुकणार होता. ओळीत एक बाई केस विकत घ्यायला यायची, विंचरताना गळलेले गुंतवळ बायका तिच्यासाठी पिशवीत साठवून ठेवत. आक्कानं भाविकाला दारात बसवलं आणि कारखान्यातल्या पट्टी कापायच्या कात्रीनं वेणी मानेपासून कापली. बाईनं वेणी हातावर तोलली, घासाघीस झाली, आणि आक्का तशीच दुकानात गेली. त्या महिन्याचा तांब्या आला. त्यावरही माझ्याच अक्षरात भाविका.

चिठ्ठी मी आधीच देऊन ठेवली होती, पैसे कुठून येणार ते मला ठाऊक नव्हतं. संध्याकाळी मुलगी माझ्याकडे आली ती डोक्यावर ओढणी घट्ट गुंडाळून. रडत नव्हती. मी तिला पोहे दिले, ओढणी सोडवली, आणि वेडेवाकडे कापलेले केस पाहून माझ्या तोंडून गेलं, "तुझी आई ना, दुष्ट आहे अगदी." तिला हसवायला म्हणाले. ती हसलीही. जाताना मी तिला माझी एक जुनी पिन दिली, तर म्हणाली, "आता कुठं लावू ने, मावशी?"

भाविका दहा वर्षांची असताना सुनीलनं फारकत मागितली. आक्कानं लगेच हो म्हटलं. एका सुट्टीच्या दिवशी सकाळी पंच आले, गावाकडचे तीन आणि वापीत राहणारे दोन. त्यांतले आप्पा म्हणून वयस्कर गृहस्थ होते, त्यांचा शब्द शेवटचा. ओळीपुढच्या मोकळ्या जागेत ताडपत्री अंथरली. लग्नातली भांडी पटकन वाटली गेली. मग आक्का आत गेली आणि एकेक पितळी भांडं आणून मांडू लागली. दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. नावं वाचायला आप्पांनी मला बोलावलं. मी वाकून पहिलं वाचलं, भाविका. दुसरं, भाविका. दहाव्या-बाराव्याला लोक हसायला लागले. मी बेचाळीसच्या बेचाळीस वाचली.

सुनील म्हणाला, संसारातलं आहे, निम्मं निम्मं करा. आप्पांनी परात हातात घेतली, नावावरून अंगठा फिरवला आणि ती परत खाली ठेवली. मग म्हणाले, "यावर नवऱ्याचं नाव नाही, बायकोचं नाही. हे दोघांचंही नाही. पोरीचं आहे. पोर जिकडं राहील तिकडं हे जाईल." आक्कानं माझ्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत मी तिला पहिल्यांदा दात दाखवून हसताना पाहिलं. तिचा डाव असा अचूक बसला होता की मलाही अभिमान वाटला, माझ्या त्या फुगीर 'भ'चा सुद्धा.

सुनीलनं तोवर मुलीचा विषयच काढला नव्हता. ती आईकडे राहणार हे दोन्हीकडून धरलेलंच होतं, आणि खडोलीच्या बाईला तर ती नकोच होती. पण आता तो ताडपत्रीकडे बघत राहिला. एका टोकाकडून दुसऱ्या टोकापर्यंत त्याची नजर गेली आणि परत आली. मग तो त्याच्या नेहमीच्या गोड आवाजात म्हणाला, "आप्पा, मग पोरीलाच विचारा ना. तिचं मन कुठं आहे ते बघा."

आप्पांनी भाविकाला जवळ बोलावलं. तिनं क्षणभरही विचार केला नाही. "पप्पांकडे." का गं, विचारलं, तर ती ताडपत्रीवर उभी राहून पाठ केल्यासारखं सांगू लागली. "मम्मी मला कधीच काही देत नाही. मला मारते. माझे केस कापून विकले. मावशी पण म्हणते, मम्मी दुष्ट आहे." सगळे माझ्याकडे वळले. आप्पांनी विचारलं, "मॅडम, म्हणालात?" मी म्हटलं, "चेष्टेत म्हणाले होते." त्यांनी मान हलवली. चेष्टेत का होईना, म्हणाले होते, एवढंच त्यांना हवं होतं.

आप्पा वाईट माणूस नव्हते. त्यांनी आक्काला वाट करून दिली. "आक्का, यातलं काही तुझ्या पगाराचं, तुझ्या वापरासाठीचं असेल तर आत्ता बोल. ते बाजूला काढू." सगळंच तिच्या पगाराचं होतं. ती अर्धी भांडी म्हणाली असती तरी कुणी हरकत घेतली नसती. मी मनातल्या मनात म्हणत होते, बोल बाई, बोल. आक्का म्हणाली, "नही. समदं तिनंच शे." पोरीचं आहे ते पोरीचं नाही, असं तिच्या तोंडून निघणारच नव्हतं. मग तिनं आपली जुनी लुगडी फाडून प्रत्येक भांडं वेगळं गुंडाळलं, टेम्पोत ठेवताना ठोका बसू नये म्हणून. भाविका मोटारसायकलवर पुढं बसली. वळून पाहिलं, पण ते टेम्पो येतोय का ते बघायला.

आक्का दुसऱ्या दिवशी पहिल्या पाळीला हजर होती. पगाराच्या आठवड्यात माझ्या दारात आली आणि चिठ्ठी मागितली. मी म्हटलं, आता कशाला? "पोर मरी नही गयी," ती म्हणाली. मी लिहून दिली आणि तिच्याबरोबर दुकानात गेले. कंसाऱ्यानं आम्हाला पाहून गल्ल्यामागून एक घागर काढली. त्याचा चेहरा उतरलेला होता. "बेन, आ तो तमारुं लागे छे," तो म्हणाला, हे तर तुमचं दिसतंय. घागरीच्या गळ्यावर माझा 'भ' होता. सुनीलनं सगळी भांडी मोडीत आणून घातली होती. बाकीची वितळवायला गेली, आणि नाव ओळखून त्यानं सात मागे ठेवली होती. हवं तर नाव घासून टाकतो, नव्यासारखं होईल, असं त्यानं तिला सांगितलं. आक्का म्हणाली, "राहू द्या." तिनं त्या घागरीचे पैसे दिले.

असे सात महिने ती आपल्याच मुलीची भांडी एकेक करून परत विकत घेत होती. नव्या नावाची गरज नव्हती, म्हणून त्या सात महिन्यांत मला पुन्हा चिठ्ठी लिहावी लागली नाही. शेवटच्या महिन्यात केसांचा तांब्या आला. खडोलीला कामाला जाणाऱ्यांकडून बातम्या कळत. भाविकाची शाळा सुटली होती. त्या बाईला बाळ झालं होतं आणि ते भाविका सांभाळत होती. आक्का दोनदा तिथं जाऊन आली. दोन्ही वेळा सुनीलनं दारातच हसून, चहा पाजून परत पाठवली. मुलगी बाहेर आलीच नाही.

आली ती नंतर, स्वतःच. एका दुपारी मी आक्काकडे बसले होते, तर दारात भाविका. त्या बाईचा ढगळ ड्रेस घातलेला, केस खांद्याला टेकलेले, बिनतेलाचे. फाटकाबाहेर सुनील मोटारसायकल सुरू ठेवून उभा होता. आक्का उठली, धड मग विसळून पाणी भरू लागली. भाविका म्हणाली, "पाणी नको. मम्मी, तुझ्याकडे सात भांडी आहेत. ती माझी आहेत. पंचांनी सांगितलंय ने."

मला राहवलं नाही. मी म्हटलं, "भाविका, भांडी राहू दे, तू राहा. तुझी शाळा बघू आपण." ती माझ्याकडे बघून शांतपणे म्हणाली, "तुम्हीच म्हणत होत्या ने, मावशी."

आक्कानं मग खाली ठेवला. "हां," ती म्हणाली. "तुनंच शे." पुढचे दोन शब्द येतील म्हणून मी वाट पाहिली, ते आले नाहीत. तिनं फळीवरून सातही भांडी काढली आणि लुगडं शोधू लागली. भाविकानं थांबून घेतलं नाही. पहिल्यांदा तिनं केसांचा तांब्या उचलला, नाव वर करून पाहिलं आणि काखेत मारला. बाकीची सहा तिनं आणि आक्कानं मिळून फाटकापर्यंत नेली. सुनीलनं तिथूनच आक्काला नमस्कार केला.

पुढच्या वर्षी मला नाशिकला नोकरी मिळाली. सामान बांधून झाल्यावर मी आक्काकडे गेले आणि जे बोलायचं ते एकदाचं बोलून टाकलं, की त्या संध्याकाळी मी तो शब्द बोलायला नको होता, माझ्यामुळे तुमची पोर गेली. ती परात घासत होती, नवी, त्या महिन्याची. हात न थांबवता म्हणाली, "तुम्ही खोटं कुठं बोलल्या? दुष्ट तर होतीच मी." हे ती मला बरं वाटावं म्हणून म्हणत नव्हती. तिला ते खरंच वाटत होतं, आणि खरं सांगायचं तर मलाही.

मग तिनं हात पुसले आणि शाळेची एक जुनी वही आणली, भाविकाचीच, मागची पानं कोरी होती. "तुम्ही गयात म्हनजे कोन लिखी देई?" ती म्हणाली. "वरीसभरना लिखी ठेवा." मी जमिनीवर बसून बारा चिठ्ठ्या लिहिल्या, नुसतं नाव. एकदा वाटलं, निदान 'भ' तरी साधा काढावा. पण तिनं लगेच ओळखलं असतं. आक्कानं चिठ्ठ्या माझ्यासमोर मोजल्या, सारख्या केल्या आणि फळीवरच्या कान तुटलेल्या मगात उभ्या करून ठेवल्या.